कुठून विचारून राह्यले?

वैशाली कशी होती असं कोणी मला विचारलं, की मी आधी विचारते, तुम्ही कुठले? ही सवय माझी नाही, तिची. कुसुमच्या माहेरचं माणूस असलं तर सांगते, गुणाची होती, सासूचं नाव काढलं. आमच्या गल्लीतली बाई असली तर सांगते, दोन तोंडांची होती. दोन्ही खरं आहे. आता हे कोण वाचणार, कुठं बसून वाचणार, ते मला दिसत नाही. म्हणून दोन्ही लिहिते.

कुसुम म्हणजे माझी धाकटी जाऊ. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात आमची दोघींची घरं एका भिंतीला लागून आहेत. इकडं शिंकलं की तिकडं कळतं. वैशाली कुसुमची सून. मला कुसुमचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला शोधत बसायला नको. माझी सून अकोल्याला असते. दिवाळीला येते ती प्यायचं पाणीसुद्धा बाटलीत घेऊन येते. आणि कुसुमची ही, कंपनीत कामाला, इंजिनेर, साथीच्या वर्षी नवऱ्याबरोबर पुण्याहून आली ती राहूनच गेली. कंपनी म्हणाली, घरूनच काम करा. झालं. कुसुमच्या अंगणात सकाळी सून, दुपारी सून, संध्याकाळी सून. माझ्या अंगणात मांजर.

दिसायला काही विशेष नव्हती. उंच, हाडकुळी, चालताना चपला ओढायची. ओढणी कमरेला गाठ मारून बांधायची, जसं काही शेतात निघाली आहे, आणि मग बसायची खुर्चीवर. धान्याच्या जुन्या कोठीवर लॅपटॉप, शेजारी शेंगांची वाटी. शेंगा खायची आणि टरफलं परत त्याच वाटीत टाकायची. मग शेंग शोधायला टरफलं चिवडत बसायची. मी एकदा म्हटलं, "अवं, दुसरी वाटी घे ना." तर म्हणे, "मोठ्या आई, शोधताना डोकं चालते माझं." मला ती मोठ्या आई म्हणायची. कुसुमला नुसतं आई. आता यात मोठं कोण झालं ते तुम्हीच ठरवा. मला तेव्हा नुसतं आईच जास्त मोठं वाटायचं.

माहेर तिचं लोणारकडचं, सुलतानपूरचं. तिकडची बोली वेगळी. आईचा फोन आला की "जेवलीस का गं? मला सांग ना, काय झालं?" कंपनीचा फोन आला की एकदम पुस्तकासारखं, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. फोन ठेवला की आमच्यासारखं, "मले चहा पाहिजे बाप्पा." तिघी जणी एका खोलीत राहतात असं वाटायचं. कुठलाही फोन उचलला की तिचा पहिला शब्द "कुठून बोलता?" भिकारी दारात आला तरी, "कुठून आले बाबा?" गल्लीत पोर रडत असलं तर त्याला सुद्धा, "कुठून रडून राह्यला रे, पोटातून का डोळ्यातून?"

पहिल्याच महिन्यात मी तिला पकडलं. कुसुमनं वांग्याची भाजी केली होती, मीही केली होती, आणि वाटी इकडून तिकडं गेली होती. मी विचारलं, भाजी कशी झाली? म्हणाली, "मोठ्या आई, तुमच्यासारखा मसाला कोणालेच नाही जमत." मी खूश. दुपारी भिंतीपलीकडून कुसुम विचारते, भाजी कशी झाली वं? तर ही म्हणते, "आई, तुमची भाजी पोटाले बरी, मसाल्यानं जळजळ नाही होत." मी भिंतीला कान लावूनच बसले होते. संध्याकाळी तिला म्हटलं, "एक उत्तर दे. एका तोंडानं दे."

"दोन्ही खरेच आहेत ना," ती म्हणाली. "तुमचा मसाला चांगला. त्यायचं पोटाले बरं. तुम्ही मसाल्याचं विचारलं, त्यायनं पोटाचं."

"मी भाजीचं विचारलं."

"शब्द भाजीचाच होता," ती म्हणाली आणि टरफलं चिवडायला लागली.

तिचं काम काय ते कुसुमला कधी समजलं नाही. कुसुम लोकांना सांगायची, माझी सून कॉम्प्युटर चालवते, जसं काही ट्रॅक्टर चालवते. मी चौथीपर्यंत शिकले, पण मी विचारलं. तिच्या कोठीपाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "दिवसभर काय करून राह्यली वं या डब्यात?"

"पत्ते सांगते."

"पोस्टमनचं काम?"

"तसंच समजा. आपण फोनमध्ये एखादं नाव टाकतो. पण यंत्राले नाव समजत नाही, त्याले आकड्यांचा पत्ता लागते. मंग मधात एक जण बसेल असते, त्याले विचारा लागते, हे नाव कुठं राहाते? तो पत्ता सांगते. त्या मधातल्याले डीएनएस म्हणतात. त्यानं काय सांगायचं, ते मी लिहून ठेवते."

"एकदा लिहिलं की झालं. रोजचं काय काम?"

"सगळ्याईले एकच पत्ता नाही ना सांगायचा. विचारणाऱ्यालेबी एक आकडा असते. त्याच्यावरून समजते तो कुठून विचारून राह्यला. मुंबईचा असला तर मुंबईतल्या यंत्राचा पत्ता द्यायचा, दुबईचा असला तर त्याच्या जवळच्या यंत्राचा. नाव एकच, घरं दोन." मग तिनं मलाच विचारलं, "आपल्या गावात गिरण्या दोन. एक मारुतीच्या पारापाशी, एक स्टँडवर. कोणी बाईनं विचारलं, गिरणी कुठं आहे, तर तुम्ही काय सांगसान?"

"आधी विचारीन, कोणाच्या घरची वं तू?"

तिला इतकं हसू आलं की शेंगदाणा घशात गेला आणि मला तिची पाठ थोपटावी लागली. "हेच!" ती खोकत म्हणाली. "हेच काम आहे माझं. याचेच पैसे देतात मले."

तेवढा एक दिवस ती माझी सून होती.

दुसरी एक गोष्ट ती नेहमी म्हणायची. कुसुमच्या घराला गाव अजून 'गोठा' म्हणतं, कारण पूर्वी त्या जागी आमच्या सासऱ्यांचे बैल बांधत. आता तिथं स्लॅबचं घर आहे, बाहेरून रंग दिला आहे, तरी माणसं म्हणतात, गोठ्यावर जाऊन येतो. कुसुमला हे लागायचं. वैशाली तिला समजवायची, "आई, पत्ता बदलला तरी लगेच सगळ्याईले नाही समजत. लोकाइच्या डोक्यात जुनं उत्तर राह्यते. त्याची मुदत संपू द्या लागते." कुसुम म्हणायची, माझी संपल्यावर संपीन ती मुदत.

आता मूळ गोष्ट.

माझ्या हातच्या मुंगवड्या. ही फुशारकी नाही. मुगाची डाळ भिजवून पाट्यावर वाटायची, बारीक नाही, जाडसर. त्यात किसलेला कोहळा. आणि मग हातानं फेसायचं. फेसून फेसून त्यातला एक थेंब पाण्यात टाकायचा. बुडाला तर अजून फेसा. तरंगला तर उन्हात वड्या घाला. कुसुमला तेवढा धीर नाही. तिचा थेंब बुडतो, तरी ती वड्या घालते, आणि मग त्या भाजीत दगडासारख्या राहतात. गावाला हे माहीत आहे. कुसुमलाही माहीत आहे.

वैशालीनं पुण्याच्या मैत्रिणींना माझ्या वड्या पाठवल्या. त्यांनी मागितल्या. मग अजून कोणी मागितल्या. गल्लीतल्या बायका जमल्या, पापड आले, कुरडया आल्या, आणि वैशालीनं इंटरनेटवर आमचं दुकान काढलं. नाव ठेवलं 'जावाजावा'. तिचा नवरा आणि तिचे कंपनीतले दोस्त ते नाव ऐकून वेगळंच हसले. त्यांच्या यंत्राची तशी कुठली भाषा आहे म्हणे. आम्ही हसलो ते आमच्यासाठी.

दुकान उघडलं त्या दिवशी कुसुमच्या ओसरीवर सगळ्या बायका. कुसुमनं फोन मध्ये धरला. नाव टाकलं, आणि पानावर कुसुम. मुलाच्या लग्नातली साडी, कोपरापर्यंत बांगड्या, चेहऱ्यावर हसू, आणि हातात वड्यांची परात. परात माझी. वड्या माझ्या. हात तिचे.

मी माझ्या फोनवर उघडून पाहिलं. तीच. शेजारणीच्या फोनवर, तीच.

दुसऱ्या दिवशी डाळ भिजलेली होती, वाटलेली होती. मी हात लावला नाही. कुसुम म्हणाली, "बाई, फेसता ना?"

"फोटोले सांग फेसाले," मी म्हटलं, "बांगड्या भरेल हात हायेत त्याचे."

तिनं स्वतः फेसलं. थेंब बुडाला असणार. वड्या वाळल्या तेव्हा पत्र्यावर टाकल्या तर आवाज आला. वैशाली माझ्याकडं येऊन बसली. बराच वेळ ओढणीची गाठ सोडत आणि बांधत होती. मागणी आलेली होती, आणि ह्या वड्या पाठवल्या तर नाव जाईल, हे तिलाही दिसत होतं.

"मोठ्या आई, तुम्हीबी आहात त्याच्यात," ती म्हणाली.

"कुठं? दाखव."

"इथून नाही दिसत."

"इथून दिसत नाही ते नसते," मी म्हटलं. "जाय आता. मले झोपू दे."

तिनं मला फोनवर दाखवायचा प्रयत्न केला, मी पाहिलं नाही. तिच्याकडच्या फोनात ती काहीही दाखवील. जिच्या तोंडातून एका भाजीची दोन उत्तरं निघतात, तिच्या फोनाचं काय?

मग गिरणी. पारापाशी गजाननची गिरणी आहे. मी ज्वारी घेऊन गेले, तर तो पठ्ठ्या मला पाहून पट्टा बंद करूनच हसायला लागला. "काकू, तुमी तं मोबाईलात शिव्या देऊन राह्यल्या!"

पाहते तर खरंच मी. 'जावाजावा'च्या पानावर मी. केस सुटलेले, कोपरापर्यंत वाटलेली डाळ, परातीवर वाकलेली, आणि तोंड हे एवढं उघडं. कुसुमची शेळी अंगणात शिरली होती तेव्हा मी ओरडले होते, आणि वैशालीनं तेवढ्यात फोटो काढला होता. मला आठवत होतं. तो तिनं ठेवून दिला असेल असं मला वाटलं नव्हतं.

नेमकी त्याच वेळी कुसुम गहू घेऊन रांगेत आली. तिनं स्वतःचा फोन काढला, नाव टाकलं. तिच्यात ती. गजाननच्यात मी. दोन फोन शेजारी शेजारी, नाव एक, तोंडं दोन. सगळ्या बायका डबे खाली ठेवून गोळा झाल्या.

"ज्याच्या त्याच्या नशिबात जे ते दिसते बाप्पा," एक म्हणाली.

"गजानन, तुले म्हातारीच काऊन दिसते रे?" दुसरी.

कुसुम लाल झाली. "बाई, तुमी याले काय खाऊ घातलं?"

"मी घातलं असतं तं तुह्या दगडाच्या वड्या घातल्या असत्या," मी म्हटलं.

कोणीतरी वैशालीला बोलावून आणलं. ती चपला ओढत आली, दोन्ही फोन हातात घेतले, आणि गजाननकडं पाहिलं. "गजाननभाऊ, मॅच फुकट पाहाले काही टाकलं का फोनात?"

गजानन पिठानं पांढरा होता, तरी लाजलेला दिसला. टाकलं होतं. कुठलंसं ॲप. त्यानं त्याचा फोन इथं असून परदेशात असल्यासारखा दिसत होता. "म्हणजे हा गिरणीत उभा राहून परदेशातून विचारून राह्यला," वैशाली म्हणाली. "इथून विचारणाऱ्याले मी आई दाखवते. परदेशातून विचारलं तर मोठ्या आई. सांगितलं होतं ना मी, इथून नाही दिसत."

बायकांना केवढी गंमत वाटली. मला नाही वाटली. का ते सांगते. दुबईत, अमेरिकेत, कुठं कुठं माझं तोंड दिसत होतं, तिथं मला कोण ओळखतं? आणि ज्या गावात माझ्या वड्या कशा तरंगतात ते माहीत आहे, त्या गावात कुसुम. जगाला घेऊन मी काय करू? मला गल्ली पाहिजे होती.

घरी जाताना वाटेत मी तिला विचारलं, "हे असं काऊन केलं?"

"तिकडच्या लोकाइले वाटा लागते ना, की खरंच कोणाच्या तरी हातचं आहे," ती म्हणाली. "तुमचा फोटो पाहिला की विश्वास बसते. लिहितात मले, आमची आजी अशीच ओरडायची म्हणून."

संध्याकाळी भिंतीपलीकडून कुसुमनं तेच विचारलं. तिला म्हणाली, "आई, इथं तुम्हाले सगळे ओळखतात. गावात नाव तुमचंच चालते." मी भिंतीवर एक धपका मारला. पलीकडून वैशालीचं हसणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी फेसायला बसले. फोटोतल्या बाईचं नाव जाऊ नये म्हणून. बाकी काही नाही.

त्यानंतर मी गिरणीवर जास्त जायला लागले. एरवी मी आठवड्याचं दळण एकदम करते. आता वाटीभर डाळीचं पीठ पाहिजे म्हणून जायचं, मूठभर मेथ्या दळायच्या म्हणून जायचं. गजानन न सांगता फोन पुढं करायचा. आसपास बायका असल्या तर अजून बरं. मी म्हणायची, "पाहा, पाहा, काय अवतार काढला त्या पोरीनं," आणि फोन सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवायची. मग मॅचा संपल्या. गजाननला कोणी सांगितलं, असल्या ॲपनं फोन बिघडतो, त्यानं ते काढून टाकलं. मी गेले तर त्याच्या फोनात कुसुम बसलेली, परात घेऊन. ते पीठ मी दळूनही आणलं नाही.

एकदा कुसुम मोताळ्याच्या बाजाराला गेली होती. घरात वैशाली एकटी. मी भिंत फिरून सरळ आत गेले आणि कोठीपुढं उभी राहिले. "आता कोणी नाही. मले एक सांग. वड्या कोणाच्या? दुकान कोणाच्या जिवावर चालते?"

तिनं लॅपटॉप मिटला. असं ती करत नसे. "कुठून विचारून राह्यल्या मोठ्या आई? जाऊ म्हणून, का सासू म्हणून?"

"कुठून नाही. नुसतं विचारून राह्यली."

ती वाटीतली टरफलं हलवत राहिली. मग म्हणाली, "कधी कधी असं होते, विचारणारा कुठला ते समजतच नाही. आकडा असते, पण तो कोणत्या देशाचा, कोणत्या गावचा, पत्ता लागत नाही. त्याच्यासाठीबी एक उत्तर ठेवा लागते. कुठल्याच नसलेल्यासाठी. ते नाही ठेवलं तर तो बिचारा रिकाम्या हातानं जाते."

"मंग? त्याले कोण दिसते?"

"तुम्ही."

मी घरी आले आणि पुष्कळ विचार केला. कुठल्याच नसलेल्याला दाखवायचं ते म्हणजे सगळ्यात खरं उत्तर, का सगळ्यांना वाटून उरलेलं? मी तिला पुन्हा विचारलं नाही. मला ओळखत असल्यामुळं तिनं मला आवडेल तेच सांगितलं असेल, अशीही शंका आली. असल्या माणसाशी हाच त्रास. गोड बोललं तरी तपासावं लागतं.

मग तिला जर्मनीत नोकरी लागली. तिला लागली, नवरा मागून गेला. कुसुमनं रडून घेतलं, आणि रडता रडता गावभर सांगून घेतलं. दुकान बंद होणार नाही, वैशाली तिकडून पाहील, असं ठरलं. कोणाचे फोटो काढून टाकायचे नाहीत, बदलायचे नाहीत, असंही कुसुमनं ठरवून घेतलं.

निघायच्या दिवशी दारात गाडी उभी. वैशालीनं ओढणी कमरेला बांधलेलीच होती. आधी कुसुमच्या पाया पडली, आणि वाकल्या वाकल्या तिच्या कानात काही बोलली. कुसुम रडत मान हलवत होती. मग माझ्याकडं आली. मी वड्यांची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "फोडून नको पाहू, ओल लागीन." ती वाकली, उठताना माझा खांदा धरला आणि हळूच म्हणाली, "मोठ्या आई, आता मी तिकडून विचारीन." एवढंच. मला वाटलं, ख्यालीखुशाली विचारील, फोन करील. गाडी पारापाशी वळली. खिडकीतून तिचा एक हाडकुळा हात बाहेर होता, कोणाला हलवून राहिली होती ते कळत नव्हतं. कुसुमनं हात हलवला, मीही हलवला. गाडी गिरणीपुढून गेल्यावर मला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला.

आता रोज सकाळी कुसुम ओसरीवर फोन घेऊन बसते, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, "वैशाली म्हणे, आई, कामाले बसायच्या आधी मी रोज आपलं दुकान उघडून पाहाते. रोज सकाळी आधी माह्यंच तोंड पाहाते लेकरू, मंग कामाले लागते." आणि स्वतःच्या फोनातली, साडी नेसलेली, परात धरलेली कुसुम सगळ्यांना दाखवते.

मी भिंतीच्या या बाजूला डाळ फेसत असते. थेंब पाण्यात टाकते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. परदेशातून उघडलं की कोण दिसतं, ते गिरणीवर तिच्यासमोरच झालं होतं, तिला जोडता आलं असतं. नाही आलं. राहू दे जुनं उत्तर तिच्या डोक्यात. त्याची मुदत माझ्या हातात आहे.